प्रथम वर्ष अभियांत्रिकी: करोनाकाळात काय निसटले आणि ते वर्गात कसे भरून काढायचे

समांतर_रेषा (धागालेखक)

करोनाच्या काळात प्रवेश घेतलेली अभियांत्रिकीची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, त्यामुळे 'आता तो विषय जुना झाला' असे आमच्या स्टाफरूममध्ये सर्रास बोलले जाते. मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते सविस्तर मांडावे आणि येथे जे शिकवतात, शिकतात किंवा ज्यांची मुले शिकत आहेत त्यांचे अनुभव जाणून घ्यावेत, यासाठी हा धागा काढत आहे. मी प्रथम वर्षाला गणित आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवतो.

साधा हिशेब करून पाहू. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात जो मुलगा आठवीत होता, तो २०२५-२६ मध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला बसला. त्याची आठवी बहुतांशी मोबाइलवर गेली आणि नववीचे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. बहुपदी, अवयव आणि त्रिकोणमितीची पहिली ओळख हे सगळे याच दोन वर्षांतले आहे. त्याच्या दोन वर्षे पुढे असलेल्या मुलांची २०२१ ची दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्याच वर्षी बारावीची परीक्षाही रद्द झाली. दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांना ३०:३०:४० असे वजन देऊन निकाल लावला गेला आणि तो ९९.६३ टक्के होता. म्हणजे प्रत्येक तुकडीचे खिंडार वेगळ्या जागी आहे. कोणाचे कलन कच्चे आहे, तर कोणाचे अपूर्णांकांचे समीकरणच कच्चे आहे. असे असताना दरवर्षी तोच ब्रिज कोर्स (मागचे कच्चे राहिलेले भरून काढणारा छोटा वर्ग), त्याच पीपीटीवरून आणि इंडक्शनच्या म्हणजे नव्या मुलांना ओळख करून देण्याच्या आठवड्यात घाईघाईने उरकून फारसे काही साधत नाही.

माझ्या मते अभ्यासक्रमाचा जो भाग बुडाला, त्याहून मोठे नुकसान कागदावर बराच वेळ एका गणिताशी झुंजण्याच्या सवयीचे झाले आहे. विद्यापीठांच्या त्या काळातील परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी होत्या, सीईटी ही प्रवेशपरीक्षा बहुपर्यायीच आहे आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पर्यायांवरून उत्तर हेरण्याचे कौशल्य या मुलांकडे उत्तम आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. मात्र सत्रान्त परीक्षेचा ७० गुणांचा पेपर समोर आला की पाच-सहा पायऱ्यांची मांडणी करावी लागते, आणि तेथे हात थांबतो.

एक उदाहरण जवळून पाहू. भिंतीला टेकवलेली शिडी, खाली जमिनीचे घर्षण, शिडीवर चढलेला माणूस, आणि शिडी घसरेल की नाही हा प्रश्न. घर्षणबल म्हणजे μ (घर्षणगुणांक) गुणिले N (पृष्ठभागाचे लंबबल) हे वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असते. फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सर्व बले बाणांनी दाखवणारी आकृती) काढा म्हटले की निम्म्या वह्यांत जमिनीवरचे घर्षण भिंतीच्या विरुद्ध दिशेने दाखवलेले असते. शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो, म्हणून घर्षण त्याला भिंतीकडे धरून ठेवणार, हा विचार करण्याआधीच बाण काढून झालेला असतो. याचे एक कारण आपल्याकडेही आहे. ऑनलाइन वर्गात पडद्यावर पूर्ण झालेली आकृती एका क्लिकसरशी येत असे. फळ्यावर शिकवताना आधी वस्तू सुटी काढली जाते, मग वजन, मग स्पर्शबिंदूंवरची बले, आणि मध्येच शिक्षक थांबून एक बाण पुसतो. विचाराचा तो क्रम मुलांना दिसलाच नाही. वर्ग पूर्ववत भरू लागल्यावरही आपल्यापैकी पुष्कळांनी त्या काळच्या पीपीटी सोडलेल्या नाहीत, हे मला अधिक खटकते.

सध्या मी आठवड्यातून एकदा तासाची शेवटची वीस मिनिटे एका लेखी गणितासाठी ठेवतो. गुण देत नाही. कागद पुढच्या तासाला परत करताना जेथे विचार घसरला त्या एकाच जागी गोल करतो आणि पुढचे काही दुरुस्त करत नाही. ते विद्यार्थ्याने दुरुस्त करून आणायचे. सुरुवातीला कोरे कागद पुष्कळ येतात, कारण चुकीचे लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिणे त्यांना सुरक्षित वाटते. गुण नाहीत याची खात्री पटली की हळूहळू कागद भरू लागतात. आपल्याकडे काय केले जाते आणि काय उपयोगी पडले, ते कृपया लिहावे.

दोलक

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून बरीच वर्षे काम करतो. सरांनी कागदाविषयी जे लिहिले आहे तेच मी ब्रेडबोर्डवर (छिद्रांत सुटे भाग खोचून सर्किट जोडण्याच्या पाटीवर) पाहतो.

सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ७४१ या आयसीचा इन्व्हर्टिंग अॅम्प्लिफायर (सिग्नल उलटवून वाढवणारे सर्किट) या मुलांनी अनेकदा जोडलेला असतो आणि तेथे तो प्रत्येक वेळी चालतो. प्रत्यक्ष टेबलावर मात्र पहिली अडचण ब्रेडबोर्डच्या पाच-पाच छिद्रांच्या ओळींपासून सुरू होते. रेझिस्टरची दोन्ही टोके एकाच ओळीत खोचली की तो शॉर्ट होतो, हे कोणी सांगितलेले नसते. दुसरी अडचण दुहेरी सप्लायची. प्लस आणि मायनस बारा व्होल्ट पिन ७ आणि पिन ४ ला बरोबर जातात, पण दोन्ही सप्लायचा सामाईक ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोडायचा राहतो, कारण पडद्यावर ग्राउंडचे चिन्ह ठेवले की काम भागत असे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका गटाने १० के आणि १ के (किलो-ओहम) रेझिस्टर लावून सर्किट अगदी बरोबर जोडले होते, तरी गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट ते) १० ऐवजी १ येत होता. आउटपुटच्या प्रोबवरचे बटण १०एक्सवर होते, इनपुटचा प्रोब १एक्सवर होता आणि सीआरओच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) दोन्ही चॅनेलची सेटिंग १एक्सची होती. दहापट वाढलेला सिग्नल दहापट लहान होऊन दिसत होता. मुलांनी जर्नलमध्ये मात्र गेन १० लिहून टाकला, कारण सीनियरच्या जर्नलमध्ये १० होता. मी त्यांना ओरडलो नाही. 'पडद्यावर जे दिसते तेच लिहा आणि ते दहा का येत नाही ते शोधून काढा' एवढेच सांगितले. त्यांना पाऊण तास लागला, पण त्या गटातील एकही जण यापुढे प्रोब न पाहता सीआरओ वापरणार नाही याची मला खात्री आहे.

अडचण अशी की प्रॅक्टिकलच्या दोन तासांत असा पाऊण तास देता येत नाही. पुढची बॅच दारात उभी असते. आमच्या विभागप्रमुखांनी शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवण्याची परवानगी दिली आहे. हजेरी नाही, जर्नल नाही, तपासणी नाही. ज्याला काही जोडून पाहायचे आहे त्याने यावे. मी केलेल्या सर्व उपायांत हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला आहे. आयसी आणि प्रोब थोडे अधिक खराब होतात, तेवढा खर्च महाविद्यालयाने सोसला पाहिजे.

व्हर्च्युअल लॅब्सना (संगणकावर प्रयोग करून पाहण्याच्या सोयीला) माझा विरोध नाही. केंद्र सरकारच्या त्या उपक्रमाने टाळेबंदीत फार मोठा आधार दिला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तेथे तालीम करून आलेला विद्यार्थी टेबलावर लवकर रुळतो. प्रयोगाऐवजी ते वापरले की मात्र वर लिहिलेले सगळे घडते.

थेट_द्वितीय

मी डिप्लोमा करून थेट द्वितीय वर्षाला आलो आणि आता अंतिम वर्षात आहे. आमच्यासारख्यांविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

२०२० मध्ये दहावी झाली आणि पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षीचे वर्कशॉप आम्ही व्हिडिओवर पाहिले. फिटिंगचा जॉब करवतीने कसा कापायचा आणि कानस कशी धरायची हे पाहून त्याची उत्तरे बहुपर्यायी परीक्षेत बरोबर दिली. कानस प्रत्यक्ष हातात आली ती पुष्कळ नंतर. पुढे पदवीला आल्यावर प्रत्येक शिक्षक गृहीत धरत असत की डिप्लोमाच्या मुलांना प्रॅक्टिकल येतेच, फक्त गणित कच्चे असते. आमचे दोन्ही कच्चे होते, आणि प्रॅक्टिकल येत नाही हे सांगायची लाज वाटत असल्यामुळे आम्ही गटात मागे उभे राहत होतो.

त्यातच प्रवेशफेऱ्या लांबतात, त्यामुळे आम्ही वर्गात पोहोचतो तेव्हा एम-थ्रीचे (गणित-३ चे) पहिले युनिट संपत आलेले असते. रेषीय विकलक समीकरणे शिकवून झालेली असतात आणि लाप्लास सुरू होते. ज्यांनी बारावी केली आहे त्यांना निदान मागचा धागा असतो. माझे एम-थ्री राहिले. पुढच्या सत्रात आमच्याच वर्गातील एका मुलीने, जी बारावी करून आली होती, हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्री जेवणानंतर आम्हा चार-पाच जणांना घेऊन बसायला सुरुवात केली. ती सोडवून दाखवत नसे. आमच्यापैकी एकाला फळ्याऐवजी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहायला लावत असे आणि चुकले की फक्त 'वरची ओळ वाच' म्हणत असे. तसे बसूनच आम्ही तो विषय पास झालो.

सरांना एक विनंती आहे. गुण नसलेल्या कागदावर नाव लिहायला लावू नये, किंवा फक्त रोल नंबर असावा. कागद वाटप करताना नाव मोठ्याने वाचले की कोरा कागद देणारा पुढच्या आठवड्यात तासालाच येत नाही.

ओळंबा

धागालेखकांच्या निरीक्षणांशी सहमत आहे, पण सगळा भार करोनावर टाकणे मला पटत नाही. मी सिव्हिल शाखेत शिकवतो आणि ही लक्षणे मला २०१८ मध्येही दिसत होती. करोनाने ती तीव्र केली, एवढेच फार तर म्हणता येईल.

एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० वर नेले ते करोनाच्या आधी. चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेतील जागांची कमाल मर्यादा २०२४-२५ पासून उठवली गेली आणि संगणक शाखेच्या तुकड्या वाढत गेल्या. अनेक ठिकाणी शिकवणारे सहकारी तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर आहेत आणि सत्र संपले की ते पुढच्या नोकरीच्या शोधात असतात. वीस विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर असे कागदावर असते. तोच मेंटॉर नॅक मूल्यांकनाची फाइल, परीक्षा विभाग आणि प्रवेश समिती सांभाळत असतो. अशा व्यवस्थेत दर आठवड्याला सत्तर कागद तपासणे एका निष्ठावान शिक्षकाला शक्य होईल, पण ती धोरण म्हणून सांगण्यासारखी गोष्ट नाही.

आणखी एक मुद्दा कठोर वाटेल, तरी लिहितो. सहानुभूतीपोटी आपण पेपर सोपे केले, सबमिशनच्या तारखा वाढवत राहिलो, कॅरी ऑनच्या (विषय राहिलेले असतानाही पुढच्या वर्षात जाऊ देण्याच्या) मागण्यांना मूक संमती दिली. ३१ मार्चला कोसळणारी भिंत ३० जूनला कोसळली, एवढाच फरक पडला. २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्टच्या निकालाने स्पष्ट केले की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाला उत्तीर्ण करता येणार नाही, हवी तर मुदत वाढवून घ्यावी. त्या वेळी मुलांच्या बाजूने मीही हळहळलो होतो, पण तत्त्व योग्य होते असे आज वाटते. मदत भरपूर करावी, वेळ द्यावा, पुन्हा संधी द्यावी. मात्र अंतिम मोजमाप खाली आणू नये. बीमची डिझाइन तपासताना काँक्रीट कोणाचे वर्ष ऑनलाइन गेले होते हे विचारत नाही.

नववा_गिअर

ओळंबा सरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. एका वेगळ्या नुकसानाकडे लक्ष वेधतो.

मी विद्यार्थी असताना बाहाच्या (विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यांवरची गाडी बनवण्याच्या स्पर्धेच्या) संघात होतो. आता पुण्याजवळच्या एका वाहन-उद्योगात काम करतो आणि जुन्या संघाला अधूनमधून भेटतो. रोल केजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक सांगाड्याच्या) पाइपांचे नॉचिंग म्हणजे जोडासाठी टोके कापणे कसे करायचे, वेल्डिंग कोणत्या क्रमाने केले म्हणजे केज ओढली जाऊन वाकडी होत नाही, कोणत्या दुकानात सीमलेस पाइपचे टेस्ट सर्टिफिकेट मिळते, हे कोणत्याही पुस्तकातून आम्ही शिकलो नव्हतो. अंतिम वर्षाचा मुलगा वेल्डिंग करत असताना दुसऱ्या वर्षाचा मुलगा जिग (पाइप जागेवर ठेवणारा साचा) धरून बसायचा आणि त्यातूनच ते पुढे जायचे. २०२० च्या मार्चमध्ये वर्कशॉप बंद झाले. महाविद्यालये पुन्हा उघडली ती २०२१ च्या ऑक्टोबरात, आणि तोवर जाणते सगळे पदवी घेऊन गेलेले होते. जिग धरणाऱ्याला शिकवणारेच कोणी उरले नाही. रोबोकॉनच्या आणि सुप्राच्या (यंत्रमानव आणि रेसिंग कार बनवण्याच्या स्पर्धांच्या) संघांतील मित्रांकडूनही मी हेच ऐकले आहे.

आम्ही माजी विद्यार्थी आता रविवारी आळीपाळीने वर्कशॉपमध्ये जातो. पहिल्या वेळी आम्ही स्वतःच वेल्डिंग करायला लागलो होतो; मग ठरवले की आपण फक्त जिग धरायचे. संघाने एक जाड वहीही ठेवली आहे, तिच्यात काय तुटले, का तुटले आणि कोणी दुरुस्त केले हे लिहिले जाते. ज्यांच्या महाविद्यालयात असे संघ बंद पडले आहेत त्यांनी माजी विद्यार्थ्यांना जरूर हाक द्यावी. पैशांसाठी सगळेच हाक देतात. वेळ मागितला तर पुष्कळ जण येतात.

माजघर

मी पालक आहे. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. करोनात तिचे वडील गेले, तेव्हा ती नववीत होती.

येथे अभ्यासाच्या सवयींवर फार चांगले लिहिले गेले आहे, पण काही मुले तासाला येत नाहीत त्यामागे घरची परिस्थिती असते हेही लक्षात असू द्यावे. माझी मुलगी संध्याकाळी शिकवण्या घेते. तिच्या वर्गातला एक मुलगा रात्री पार्सल पोहोचवण्याचे काम करतो आणि सकाळच्या पहिल्या तासाला झोपतो. त्याचे नाव डिफॉल्टर यादीत लागले. का झोपतो हे त्याला कोणी विचारले नव्हते.

आई-वडिलांपैकी एक किंवा दोघे करोनात गेले असतील, तर एआयसीटीईची स्वनाथ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. आम्हाला ती तिच्या मैत्रिणीकडून कळली. ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांच्यापैकी आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना २०२४ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज वेळेत भरावा लागतो आणि कागदपत्रे एकदा परत आली की मुले कंटाळून सोडून देतात. प्रत्येक वर्गाच्या शिक्षकांनी सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धा तास केवळ यासाठी द्यावा, ही कळकळीची विनंती आहे.

शांतवन

मी समुपदेशक आहे आणि दोन अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठरावीक दिवशी जाते. माजघर ताईंनी लिहिलेल्या 'का झोपतो हे कोणी विचारले नव्हते' या वाक्याशी माझे जवळजवळ सगळे काम जोडलेले आहे.

माझ्या खोलीच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती तोवर फार कोणी येत नसे. मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसू लागल्यावर मुले येऊ लागली. बहुतेकांची पहिली तक्रार अभ्यासाची असते: 'वाचतो पण डोक्यात जात नाही'. झोप, घरची काळजी, वर्गात कोणीच ओळखीचे नाही ही भावना, हे हळूहळू बाहेर येते. आठवी ते दहावीच्या वयात मुले भांडून, रुसून आणि पुन्हा एकत्र येऊन मैत्री शिकतात, आणि नेमकी तीच वर्षे या मुलांनी घरात काढली. त्यामुळे 'शेजारच्याला विचार' असे आपण सहज म्हणतो ते त्यांच्यापैकी काहींना खरोखर अवघड जाते. थेट_द्वितीय यांच्या मेसमधल्या गटाने जे केले ते म्हणूनच गणितापलीकडेही मोलाचे आहे.

शिक्षकांनी समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा नाही. सलग दोन कागद कोरे आले, लॅबला येणारा अचानक येईनासा झाला, सबमिशनच्या आठवड्यात फोन बंद झाला, तर त्याच दिवशी एकांतात विचारपूस करावी आणि गरज वाटली तर त्याला सोबत घेऊन समुपदेशकाकडे यावे. केवळ पत्ता देऊन पाठवू नये. महाविद्यालयात समुपदेशक नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक नोटीस बोर्डावर असतोच, तो मुलांच्या फोनमध्ये असावा.

समांतर_रेषा (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. थेट_द्वितीय, आपली सूचना योग्य आहे. यापुढे कागदावर फक्त रोल नंबर राहील आणि कागद मी बॅचनुसार गठ्ठ्यात ठेवीन, ज्याने त्याने उचलून घ्यावेत. थेट द्वितीय वर्षाच्या मुलांसाठी प्रवेश पूर्ण झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत वर्कशॉप आणि एम-थ्रीचे जादा तास घ्यावेत, असा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे.

ओळंबा, तपासणीच्या भाराविषयी आपण म्हणता ते खरे आहे. सत्तर कागद मी दर आठवड्याला तपासत नाही. गणित सगळे सोडवतात, पण कागद एका बॅचचेच घेतो, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाचा कागद एकदा माझ्या नजरेखालून जातो. उरलेल्या तीन आठवड्यांत मुले शेजाऱ्याचा कागद पाहतात आणि जेथे पटत नाही तेथे गोल करतात. शेजाऱ्याचा गोल चुकीचा असेल तर दोघे वाद घालतात, आणि शांतवन मॅडमनी लिहिल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की त्या वादाचा उपयोग माझ्या तपासणीहून अधिक असावा. काठिण्य कमी करू नये या मताशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्या सत्रमध्य परीक्षेपर्यंत थांबले की फार उशीर होतो, म्हणून मी पहिला कागद सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात घेतो आणि त्यात आठवी-नववीचेच बीजगणित विचारतो.

माजघर ताई, शिष्यवृत्तीसाठी अर्धा तास ही सूचना मी आमच्या सर्व वर्गशिक्षकांच्या गटावर आजच टाकली आहे. स्वनाथसाठी नेमकी कोणती कागदपत्रे आपल्याला द्यावी लागली आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर अडला, हे सवडीने येथे लिहिलेत तर ते तसेच्या तसे छापून नोटीस बोर्डावर लावता येईल.

माजघर

उद्या फाइल काढून लिहिते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले नव्हते, तेथेच आमचा अर्ज अडला होता. रुग्णालयाचे कागद आणि चाचणीचा अहवाल जोडल्यावर पुढे गेला. ज्यांनी ते अहवाल अजून जपून ठेवले नसतील त्यांनी ते आधी शोधावेत.